नकाराचे पत्र हा अखेरचा शब्द नव्हे

व्यापारी घराला कागदाचे मोल नव्याने शिकवावे लागत नाही. मालाची आवक, वजनाची चिठ्ठी, बँकेचा उतारा, जीएसटीचे विवरणपत्र, यांतील एक आकडा जुळला नाही तर दुकानातील दिवा रात्री उशिरापर्यंत जळत राहतो. त्याच घरातील आरोग्य विम्याची पॉलिसी मात्र बहुधा कपाटातील एखाद्या पिशवीत न वाचलेली पडून असते. हप्ता वेळेवर भरला जातो, एजंट ओळखीचा असतो, आणि ‘वेळ आली की तो पाहून घेईल’ या भरवशावर वर्षे निघून जातात. वेळ येते तेव्हा रुग्ण तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली असतो, शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असते, आणि रुग्णालयाच्या विमा-खिडकीवरून निरोप येतो की कंपनीने मंजुरी नाकारली आहे.

त्या क्षणी कुटुंबाकडून दोन चुका संभवतात. पहिली, पैशाची सोय होईपर्यंत उपचार पुढे ढकलणे. दुसरी, कंपनीचा शब्द अखेरचा मानून दावाच सोडून देणे. पहिल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो, दुसरीची किंमत घर मोजते. दोन्ही टाळता येतात. त्यासाठी नकाराचा अर्थ नेमका काय आणि त्यानंतरची वाट कोणती, हे आधी ठाऊक असावे लागते.

कॅशलेस आणि दावा

कॅशलेस ही बिल चुकवण्याची एक पद्धत आहे. कंपनी रुग्णालयाला परस्पर पैसे देते, एवढाच तिचा अर्थ. ती नाकारली गेली म्हणून पॉलिसीवरील हक्क संपत नाही. उपचार पूर्ण करून, बिले आणि कागदपत्रे जोडून, परताव्याचा दावा दाखल करता येतो आणि कंपनीला त्यावर स्वतंत्र निर्णय द्यावा लागतो. पुष्कळदा पूर्वमंजुरी नाकारण्याचे कारण ‘अपुरी माहिती’ एवढेच असते. तपासणीचे अहवाल पुन्हा पाठवताच मंजुरी मिळते. म्हणून खिडकीवरील कर्मचाऱ्याने तोंडी सांगितलेल्या नकारावर कधीही थांबू नये. नकार लेखी मागावा आणि त्यात पॉलिसीचे कोणते कलम लावले आहे ते पाहावे. ज्या नकाराखाली कलम लिहिलेले नाही, तो नकार अर्धवट आहे.

जुलै २०१० चा धडा

मुंबई परिसरातील जुन्या पॉलिसीधारकांना २०१० सालचा जुलै महिना आठवत असेल. ‘मेडिक्लेम’ ही योजना सरकारी सामान्य विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये सुरू केली. प्रारंभी रुग्णाने पैसे भरायचे आणि नंतर कंपनीकडून मिळवायचे, अशीच रीत होती. २००१ मध्ये मध्यस्थ प्रशासक संस्थांसाठी, म्हणजे टीपीएंसाठी, नियम झाले आणि पुढे कॅशलेस सोय रुळली. दशकभरात लोकांना तिची इतकी सवय झाली की पॉलिसी म्हणजेच कॅशलेस, असा समज दृढ झाला.

१ जुलै २०१० पासून चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि चेन्नई या महानगरांतील अनेक मोठ्या खासगी रुग्णालयांची कॅशलेस सोय बंद केली. विमा असलेल्या रुग्णाला त्याच शस्त्रक्रियेसाठी अधिक आकार लावला जातो, अशी कंपन्यांची तक्रार होती. नेहमीच्या शस्त्रक्रियांचे दर ठरवून जी रुग्णालये ते मान्य करतील त्यांचेच नवे जाळे त्यांनी उभे केले. देऊ केलेल्या दरांत आमच्या दर्जाची सेवा परवडत नाही, असे मोठ्या रुग्णालयांचे म्हणणे होते. दोघांच्या वादात अडकला तो रुग्ण. त्याने हप्ता भरलेला होता, पॉलिसी चालू होती, डॉक्टरही तेच होते; फक्त दाखल होताना अनामत म्हणून मोठी रक्कम रोख मोजणे भाग पडले. पुढे वाटाघाटी होऊन पुष्कळ रुग्णालये जाळ्यात परत आली. परंतु ज्यांच्या घरातील शस्त्रक्रिया नेमकी त्या आठवड्यांत होती, त्यांची झालेली धावपळ कोणत्याही वाटाघाटीने भरून निघाली नाही.

या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट झाली. रुग्णालयांची यादी हा कंपनी आणि रुग्णालय यांच्यातील करार आहे. तो केव्हाही बदलू शकतो. पॉलिसी हा कंपनी आणि कुटुंब यांच्यातील करार आहे. यादी बदलली तरी तो कायम राहतो. नवी मुंबईत आज वाशी, नेरूळ, कोपरखैरणे आणि बेलापूर येथे अनेक विषयांचे तज्ज्ञ उपलब्ध आहेत, आणि कर्करोगासाठी टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संस्था आहे. पूर्वीप्रमाणे प्रत्येक मोठ्या दुखण्यासाठी खाडी ओलांडावी लागत नाही. पण जवळचे रुग्णालय यादीत असेलच असे नाही, आणि गेल्या वर्षी होते म्हणून यंदा असेल असेही नाही. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ही चौकशी कंपनीकडे ई-मेलने करावी आणि उत्तर जपून ठेवावे.

जानेवारी २०२४ मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने यादीबाहेरील रुग्णालयांतही कॅशलेस मिळावे यासाठी ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ हा उपक्रम सुरू केला. त्यासाठी नियोजित उपचारांची सूचना दाखल होण्यापूर्वी किमान ४८ तास, आणि तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला द्यावी लागते. दावा पॉलिसीत बसला पाहिजे आणि रुग्णालयाची तयारीही लागते. तरीही विचारण्याचा मार्ग आता खुला आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नाही.

घड्याळ कोणावर आहे

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २९ मे २०२४ रोजी आरोग्य विम्यासंबंधी एक व्यापक परिपत्रक काढले. त्यातील काही तरतुदी प्रत्येक घरातील एका तरी व्यक्तीला पाठ असाव्यात.

कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासाच्या आत निर्णय द्यायचा आहे. रुग्णाला घरी सोडण्याच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत द्यायची आहे. विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचा आहे. कोणताही दावा कंपनीतील तीन सदस्यांच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या संमतीखेरीज नाकारता येत नाही. नाकारला किंवा अंशतः कापला, तर पॉलिसीतील विशिष्ट अटीचा उल्लेख करून कारण कळवणे बंधनकारक आहे. दाव्यासाठी लागणारी कागदपत्रे कंपनीने किंवा टीपीएने रुग्णालयाकडून मिळवायची आहेत.

हे नियम कागदावर आहेत म्हणून आपोआप पाळले जातील, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. ते पाळले जातात ते ज्याला ठाऊक आहेत त्याच्यापुरते. ‘विनंती सकाळी ११ वाजता पाठवली, दुपारी ३ पर्यंत उत्तर नाही, कृपया २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार निर्णय लेखी कळवावा’ अशा तीन ओळींच्या ई-मेलचा परिणाम खिडकीवरच्या तासाभराच्या हुज्जतीपेक्षा अधिक होतो. दावा नाकारला गेला, तर समितीची संमती घेतली होती काय, हा प्रश्नही लेखी विचारावा.

तज्ज्ञाचे पत्र

विशेषज्ञांच्या उपचारांना नकार देताना काही वाक्ये वारंवार वापरली जातात. ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही.’ ‘केवळ तपासणीसाठी दाखल.’ ‘बाह्यरुग्ण विभागात होण्याजोगे.’ ‘प्रायोगिक उपचार.’ ही वाक्ये वैद्यकीय आहेत, म्हणून त्यांचे उत्तरही वैद्यकीय असावे लागते. कुटुंबाने कितीही कळवळून लिहिले तरी उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या एका पानाची जागा ते घेऊ शकत नाही.

समजा, सानपाड्यातील एका घरातील सासूबाईंना मधुमेहामुळे दृष्टिपटलाचा विकार जडला आहे. नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या आत इंजेक्शन देण्याचा सल्ला देतात. विलंब झाला तर गेलेली दृष्टी परत येण्याची खात्री देता येत नाही. इंजेक्शन देऊन त्याच दिवशी घरी सोडतात. कंपनी कळवते की रुग्ण २४ तास दाखल नव्हता, सबब दावा अमान्य. घरातील कर्ते पुरुष बाजारात, दोन दिवसांवर दुसरे इंजेक्शन. अशा वेळी सूनबाई पॉलिसी उघडून बसल्या, तर त्यांना काय आढळेल?

सप्टेंबर २०१९ मध्ये नियामकाने १२ आधुनिक उपचारपद्धतींची यादी जाहीर केली आणि त्या पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असे ठरवले. त्या यादीत डोळ्याच्या आतील इंजेक्शन आहे. रोबोटच्या साहाय्याने केलेली शस्त्रक्रिया, तोंडावाटे घ्यावयाची केमोथेरपी, इम्युनोथेरपी, मेंदूतील डीप ब्रेन स्टिम्युलेशन, रक्तविकारांसाठी मूलपेशींचा उपचार, हेही आहेत. ते उपचार दाखल होऊन अथवा डे-केअर पद्धतीने घेतलेले असू शकतात. कंपनी त्यांवर रकमेची मर्यादा घालू शकते. सरसकट नकार देऊ शकत नाही. सूनबाईंनी या यादीचा आणि पॉलिसीतील संबंधित कलमाचा उल्लेख करावा आणि नेत्रतज्ज्ञांचे पत्र जोडावे. दुसरे इंजेक्शन ठरल्या दिवशीच घ्यावे, त्याची पावती त्याच फाइलमध्ये लावावी. दृष्टी वाट पाहू शकत नाही; दावा पाहू शकतो.

तज्ज्ञाच्या पत्रात पुढील मुद्दे यावेत: रोगाचे निदान कशाच्या आधारे झाले, आधी कोणते उपचार केले आणि त्यांचा परिणाम काय, हाच उपचार का, दाखल होणे का आवश्यक होते, किंवा डे-केअर असल्यास तसे स्पष्ट, आणि विलंबाने कोणता धोका संभवतो. पत्रात कंपनीच्या नकाराचे कारण उद्धृत करून त्यालाच उत्तर दिलेले असावे. बहुतेक डॉक्टर असे पत्र देतात. त्यांना वेळ नसतो, म्हणून मुद्दे लिहूनच न्यावेत.

खोलीच्या भाड्याचा हिशेब

काही वाद नकाराचे नसून कपातीचे असतात, आणि त्यांचे मूळ रुग्णालयातील खोलीत असते. अनेक पॉलिसींत खोलीच्या भाड्याला विमा रकमेच्या १ टक्क्याची मर्यादा असते. विमा ५ लाखांचा असेल, तर दिवसाला ५,००० रुपये. कुटुंबाने ८,००० रुपयांची खोली घेतली, तर फरक दिवसाला ३,००० रुपयांचाच, असे वाटते. प्रत्यक्षात शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, परिचर्या यांचे आकारही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांश, मान्य होतात. हे आकार २,४०,००० रुपये झाले असतील, तर १,५०,००० मिळतील आणि ९०,००० रुपये खिशातून जातील.

येथेही कंपनीच्या हिशेबाची पडताळणी करावी. नियामकाच्या २०२० च्या सूचनेनुसार औषधे व उपभोग्य वस्तू, शरीरात बसवलेली उपकरणे, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचे आकार या प्रमाणशीर कपातीत धरता येत नाहीत. जे रुग्णालय खोलीच्या वर्गानुसार दर बदलत नाही, तेथेही ही कपात लागू होत नाही. हृदयात बसवलेल्या स्टेंटवर किंवा गुडघ्याच्या सांध्यावर टक्केवारी लावून रक्कम कापली असेल, तर ती परत मागण्याजोगी आहे. व्यापाऱ्याने पुरवठादाराचे बिल जसे ओळीने तपासावे, तसे हे तपासावे.

फॉर्मवरील सही

सर्वाधिक दावे ज्या खडकावर आपटतात तो खडक पुष्कळदा घरानेच उभा केलेला असतो. पॉलिसी घेताना एजंट म्हणतो, ‘शेठ, बीपीच्या रकान्यात नाही लिहू, उगाच हप्ता वाढेल.’ शेठ घाईत असतात, सही होते. पुढे हृदयविकाराचा प्रसंग येतो, रुग्णालयाच्या कागदावर ‘१० वर्षांपासून रक्तदाब’ अशी नोंद होते, आणि कंपनीच्या हाती आयता आधार मिळतो. फॉर्म एजंटने भरला असला तरी सही आपली असते. वाचवलेले काही हजार रुपये अशा वेळी काही लाखांना पडतात.

सत्य सांगणाऱ्याला मात्र न्यायालयाचे बळ मिळाले आहे. २००९ मध्ये एका भारतीय प्रवाशाने अमेरिकेला जाण्यापूर्वी युनायटेड इंडिया या कंपनीची परदेश प्रवास पॉलिसी घेतली. आपल्याला मधुमेह असल्याचे त्याने सांगितले होते, कंपनीच्या अटीनुसार वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचताच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तीन स्टेंट बसवावे लागले. पूर्वीचा आजार आणि रक्तातील चरबीचा विकार न सांगितल्याचे कारण देऊन कंपनीने दावा नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही तो हरला. ६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने निकाल त्याच्या बाजूने दिला. प्रस्ताव देणाऱ्याची प्रकृती जाणून घेऊन एकदा पॉलिसी दिल्यावर, त्याने उघड केलेल्याच आजाराचे कारण पुढे करून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. न्याय मिळण्यास १२ वर्षे लागली, हेही त्याबरोबर ध्यानात ठेवावे. ती लढाई टिकली, कारण मधुमेहाची नोंद त्याच्या बाजूने बोलत होती.

१ एप्रिल २०२४ पासून आणखी एक संरक्षण मिळाले आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडवल्याचे कारण सांगून कंपनी दावा नाकारू शकत नाही. पूर्वी ही मुदत ८ वर्षांची होती. पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळही आता कमाल ३६ महिन्यांचा आहे. म्हणून पॉलिसीचे नूतनीकरण एक दिवसही चुकू देऊ नये आणि जुन्या पॉलिसींच्या प्रती कधीही टाकू नयेत. साठ महिने मोजण्याचा पुरावा त्यांतच असतो. ज्यांच्या फॉर्ममध्ये एखादा आजार राहून गेला आहे, त्यांनी आजच कंपनीला लेखी कळवावे; हप्ता वाढला तरी तो सौदा स्वस्तातला आहे.

दाद मागण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याची. त्याचा पत्ता पॉलिसीतच छापलेला असतो. तक्रार ई-मेलने करावी. त्याचबरोबर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या व्यवस्थेवर तिची नोंद करावी. १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही ती होते.

तेथे समाधान झाले नाही किंवा एक महिन्यात उत्तर आले नाही, तर दुसरी पायरी विमा लोकपालांची. नवी मुंबईकर पूर्वी पुण्याच्या कार्यालयाच्या कक्षेत येत. आता नवी मुंबई, ठाणे, रायगड आणि पालघर यांच्यासाठी ठाण्यात कार्यालय आहे. शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील चालतच नाही. पॉलिसीधारकाने स्वतः बोलायचे असते. ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ३० दिवसांत तो पाळला नाही, तर कंपनीला पॉलिसीधारकास दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात.

तिसरी पायरी ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे जाता येते. कंपनीचे मुख्यालय चेन्नईत असो वा दिल्लीत, नवी मुंबईच्या रहिवाशाला तेथे जावे लागत नाही. ठाणे जिल्ह्याचा अतिरिक्त आयोग सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात आहे. मुदत दोन वर्षांची. एकाच वादासाठी लोकपाल आणि आयोग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येत नाही. लोकपालांचा निर्णय मान्य नसेल, तर मात्र नंतर आयोगाचे दार उघडे राहते. म्हणून बहुतेक घरांनी आधी लोकपालांकडे जाणे हिताचे.

सामूहिक पॉलिसीविषयी

समाजाच्या संस्था आणि व्यापारी संघटना यांच्या सामूहिक पॉलिसींमुळे अनेक वृद्धांना विमा मिळाला, हे निःसंशय. तेथे करार संस्था आणि कंपनी यांच्यात असतो, आणि दर वर्षी अटी, हप्ता किंवा कंपनीही बदलू शकते. सदस्याने आपल्या नावाचे विमा प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि त्या वर्षीच्या अटी वाचाव्यात. योजना बंद झाली, तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय विचारावी, म्हणजे पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही. मोठ्या आजाराचा सारा भार एकट्या सामूहिक पॉलिसीवर टाकणे धोक्याचे आहे.

घरातील एक फाइल

विम्याच्या नावाने एक स्वतंत्र फाइल घरात असावी. पहिल्या वर्षापासूनच्या सर्व पॉलिसी, भरलेल्या प्रस्ताव-फॉर्मची प्रत, हप्त्यांच्या पावत्या, प्रत्येक सदस्याच्या आजारांची आणि औषधांची खरी नोंद, डॉक्टरांची पत्रे, आणि कंपनीशी झालेला सर्व पत्रव्यवहार तारीखवार तीत लावावा. फाइल कोठे आहे हे घरातील स्त्रियांना आणि तरुण मुलांना ठाऊक असावे, कारण रुग्णालयात धावपळ त्यांनाच करावी लागते, आणि पॉलिसी ज्यांच्या नावावर असते ते कर्ते पुरुषच कित्येकदा रुग्ण असतात.

दर वर्षी नव्या चोपड्यांचे पूजन होते, त्या दिवसांत ही फाइलही एकदा उघडावी. खोलीच्या भाड्याची मर्यादा, सहभागाची टक्केवारी, प्रतीक्षा काळ आणि यादीतील जवळची रुग्णालये या चार गोष्टी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवाव्यात. एवढी तयारी असलेल्या घरात नकाराचे पत्र आले, तर एक जण रुग्णाच्या उशाशी बसेल आणि दुसरा फाइल घेऊन पत्राचे उत्तर लिहायला बसेल.